पोरगं हुशार आहे, पण सबमिशन कायम लेट: ही एक्झिक्युटिव्ह स्किल्सची भानगड नक्की काय आहे?

हायस्कूलमधल्या मुलांच्या पालकांना शाळेत एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, 'मुलगा हुशार आहे हो, पण जरा सिरियस झाला पाहिजे'. घरी आलं की तेच वाक्य तिखट होतं: आळशी आहे, बेफिकीर आहे, सगळं लक्ष त्या मोबाईलमध्ये. आणि पोरगं स्वतःही गोंधळलेलं असतं, कारण धडा त्याला खरंच समजलेला असतो, तोंडी विचारलं तर धडाधड उत्तरं येतात, पण असाइनमेंट मात्र अर्धवट दप्तरात चुरगळून पडलेली असते. किंवा त्याहून भारी म्हणजे पूर्ण लिहून झालेली असते आणि सरांना द्यायचीच राहिलेली असते! आता मला सांगा, हा शेवटचा प्रकार आळसाने कसा होईल? आळशी माणूस काम टाळतो, रात्री जागून काम करून वर ते द्यायला कशाला विसरेल.

मग हल्ली कुणीतरी काउन्सेलर नाहीतर एखादी रील सांगते की याचं एक्झिक्युटिव्ह फंक्शनिंग वीक आहे. नाव ऐकूनच निम्मे पालक घाबरतात आणि उरलेले निम्मे म्हणतात की हे काहीतरी नवीन फॅड आहे. दोन्ही करायची गरज नाही. नीट समजून घेतलं तर गोष्ट बरीच साधी आहे.

आधी हे आहे काय ते बघू

एखादी गोष्ट करायची ठरवली की ती शेवटपर्यंत नेण्यासाठी, ते पण समोर दहा जास्त मजेशीर गोष्टी असताना, मेंदूला जी व्यवस्थापनाची कामं करावी लागतात त्या सगळ्यांना मिळून एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स किंवा एक्झिक्युटिव्ह स्किल्स म्हणतात. नाटकाचा प्रयोग डोळ्यासमोर आणा. स्टेजवर नट असतात, टाळ्या त्यांना मिळतात. पण विंगेत एक माणूस उभा असतो जो एकही डायलॉग बोलत नाही, पुढची एन्ट्री कुणाची, टेबलावरची प्रॉपर्टी बदलली का, लाइट कधी जाणार, आणि विंगेत खुसुखुसु गप्पा मारणाऱ्यांना गप्प कोण बसवणार, हे सगळं त्याच्याकडे. तो माणूस जागेवर नसेल तर नट कितीही कसलेला असो, प्रयोग गडगडतो. गणित येणं, वाचलेलं समजणं, छान लिहिता येणं हे झाले नट. एक्झिक्युटिव्ह स्किल्स म्हणजे तो विंगेतला माणूस.

याच्या आत काय काय येतं यावर संशोधकांनी पुष्कळ डोकं खपवलंय. २००० साली अकिरा मियाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर वेगवेगळ्या चाचण्या घेऊन दाखवलं की यात किमान तीन गोष्टी वेगळ्या काढता येतात, एकमेकांशी जोडलेल्या पण एकच नाहीत: पटकन येणाऱ्या प्रतिक्रियेला आवर घालणं, डोक्यात धरलेली माहिती सतत अपडेट करणं, आणि एका कामावरून दुसऱ्यावर वळणं. म्हणजे एखादी मुलगी शांत बसून अभ्यास करू शकते पण विषय बदलला की अर्धा तास जातो तिचा, आणि एखादा मुलगा पटापट वळतो पण आवर शून्य.

आवर घालणं किती अवघड आहे ते बघायचं असेल तर हिरव्या पेनाने 'लाल' असा शब्द लिहा आणि बघणाऱ्याला शाईचा रंग विचारा. जीभ अडखळते, कारण वाचण्याची सवय आधी उडी मारते आणि तिला दाबून रंग सांगावा लागतो. जॉन रिडली स्ट्रूपने १९३५ मध्ये याच धर्तीचे प्रयोग छापले आणि ती चाचणी आजही वापरतात.

आणि माहिती डोक्यात धरून ठेवण्याची जी जागा, तिला वर्किंग मेमरी म्हणतात, ती आपल्या कल्पनेपेक्षा फार लहान असते. १९५६ मध्ये जॉर्ज मिलरने सातच्या आसपास असा आकडा सांगितला होता, नंतर २००१ मध्ये नेल्सन कोवनने दाखवलं की खरी मर्यादा चारच्या आसपास आहे. आता तास संपल्याची घंटा झालीय, सगळे दप्तर भरतायत, आणि बाई सांगतायत: पान ८२ वरची पहिली सहा उदाहरणं, त्यातलं चौथं सोडून, वहीत नाही तर वेगळ्या शीटवर, गुरुवारपर्यंत, आणि हो, ग्राफ पेपर लागेल. मोजा बरं, किती झाल्या गोष्टी. यातलं 'चौथं सोडून' आणि 'शीटवर' गळून पडलं तर मुलाने लक्ष दिलं नाही असं आपण म्हणतो, पण त्याने लक्ष दिलं होतं, जागाच संपली होती. ज्याला हे माहितीये तो पोरगा तिथल्या तिथे लिहून घेतो, ज्याला माहीत नाही तो म्हणतो 'राहील लक्षात'.

मेंदू २५ वर्षांचा होईपर्यंत तयारच होत नाही ना? मग आत्ता कशाला डोकेफोड?

हे वाक्य इतकं पसरलंय की पोरंही आता आईबाबांना ऐकवतात. कपाळाच्या मागचा मेंदूचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, या कामात मोठा वाटा उचलतो आणि तो बऱ्याच उशिरापर्यंत बदलत राहतो, इथपर्यंत खरं आहे. पण त्याचा अर्थ २५ च्या वाढदिवसाला बटण दाबलं जातं असा नाही. २०२३ मध्ये ८ ते ३५ वयाच्या दहा हजारांहून जास्त लोकांच्या चाचण्यांचे निकाल एकत्र करून बघितले गेले, त्यात दिसलं की १० ते १५ या वयात ही कौशल्यं झपाट्याने वाढतात, नंतर वेग कमी होतो, आणि १८ ते २० च्या दरम्यान मोठ्यांच्या पातळीला येऊन टेकतात. म्हणजे हायस्कूलची वर्षं वाट बघत बसायची अजिबात नाहीत.

फक्त यात एक गोम आहे. शांत खोलीतल्या चाचणीत जमणारी गोष्ट खऱ्या आयुष्यात जमेलच असं नाही. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा एक गेम खेळायला दिला, एकटं असताना किशोरवयीन मुलं आणि मोठी माणसं साधारण सारखीच जोखीम घेत होती, पण बाजूला मित्र बसवले की मुलांची जोखीम एकदम वाढली आणि मोठ्यांची तशी वाढली नाही. म्हणून रविवारी सकाळी शहाण्यासारखं टाइमटेबल बनवणारं पोरगं आणि सोमवारी रात्री ग्रुपवर पन्नास मेसेज पडत असताना सगळं विसरणारं पोरगं ही एकाच शरीरात राहतात, त्यात नाटक काही नाही.

झोपेचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीच करत नाही. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते, आणि या वयात शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकलेलं असतं त्यामुळे लवकर झोप येत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने तर कायदा करून टाकला, २०२२ पासून तिथली बहुतेक हायस्कूलं सकाळी साडेआठच्या आधी भरवता येत नाहीत. अर्धवट झोपलेल्या पोराला प्लॅनिंग शिकवणं म्हणजे आपलाच घसा सुकवणं.

खरा घोळ: मार्क कापतात, शिकवत कुणीच नाही

मला या सगळ्यात जे सगळ्यात खटकतं ते हे. खालच्या वर्गांत एकच बाई बहुतेक सगळं बघतात, डायरी तपासतात, उद्या काय आणायचं ते तीनदा सांगतात. मग हायस्कूलला अचानक सहा-सात शिक्षक, प्रत्येकाला वाटतं आपलाच विषय आहे, एकाचं असाइनमेंट ॲपवर, दुसऱ्याचं फळ्यावर, तिसऱ्याचं तोंडी, आणि तीन-तीन आठवड्यांचे प्रोजेक्ट. म्हणजे विंगेतल्या माणसाचं काम एका वर्षात चौपट झालं आणि तो माणूस अजून शिकाऊच आहे. उशीर झाला की मार्क कापले जातात, फाइल नीट नाही म्हणून मार्क कापले जातात, पण तीन आठवड्यांचं काम मोडायचं कसं यावर एक तास तरी कुणी घेतलाय का? 'नीट प्लॅनिंग कर' ही सूचना झाली, शिकवणं नव्हे. घरीही तेच, आपण पण तेवढंच म्हणतो, फक्त आवाज चढवून.

बरं, मग 'प्लॅनिंग कर' म्हणजे नेमकं काय करायचं?

समजा पाणी शुद्धीकरणावर रिपोर्ट द्यायचाय, तीन आठवड्यांनी, शुक्रवारी. पोराच्या यादीत काय लिहिलेलं असतं? 'सायन्स प्रोजेक्ट'. हे काम नाहीच, हे कामांचं गाठोडं आहे, आणि गाठोड्याकडे बघून हात चालत नाही म्हणून पोरगं फोन उचलतं. शेजारी बसा आणि शेवटाकडून मागे या. शुक्रवारी द्यायचं म्हणजे गुरुवारी रात्री प्रिंट दप्तरात असायला हवी. म्हणजे मंगळवारपर्यंत लिखाण पूर्ण, कारण बुधवार हा काहीतरी बिघडण्यासाठी मोकळा ठेवायचा, आणि काहीतरी बिघडतंच. लिखाणाला चार बैठका. त्याच्या आधी आकृत्या. त्याच्या आधी वाचन आणि टिपणं. त्याच्या आधी विषयाचा नेमका कुठला भाग घ्यायचा ते सरांना विचारणं. आणि मग हे सगळं कागदावर असताना फक्त एक प्रश्न, यातलं आज पाच मिनिटांत होईल असं काय आहे? सरांना विचारायचा प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून ठेवणं. झालं, प्रोजेक्ट सुरू झाला. आणि यादीत सगळ्यात शेवटी 'दिलं' असा वेगळा चौकोन काढायचा, कारण लिहून होणं आणि देणं ही दोन वेगळी कामं आहेत, दप्तरातच राहिलेल्या त्या असाइनमेंटवर बऱ्याचदा एवढाच इलाज लागतो.

वेळेचा अंदाज हा यातला सगळ्यात बेकार भाग, आणि त्यात मोठी माणसंही नापास आहेत. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वेर्स्की यांनी १९७९ मध्ये याला प्लॅनिंग फॅलसी असं नाव दिलं, म्हणजे आधीची कामं लांबली होती हे माहीत असूनसुद्धा यावेळी वेळेत होईल असं वाटणं. १९९४ च्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना किती दिवस लागतील विचारलं, सरासरी उत्तर आलं ३४ दिवस, प्रत्यक्षात लागले सरासरी ५५. तर मग १५ वर्षांच्या पोराने 'अर्ध्या तासात होईल' म्हटल्यावर चिडायचं कशाला. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखू द्या, किती लागेल वाटतं आणि किती लागला. लेक्चर देऊ नका, नुसतं लिहू द्या. काही दिवसांनी त्यालाच दिसतं की गणिताचा अंदाज बरोबर येतो आणि निबंधाला कायम दुप्पट वेळ लागतो, आणि हे स्वतःच्या अक्षरात दिसलं की त्याला वाद घालता येत नाही.

सुरुवात करणं हा तर वेगळाच डोंगर. त्यावर एक साधी युक्ती आहे, पीटर गॉल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने तिच्यावर बरंच काम केलंय, 'अमुक झालं की लगेच तमुक करेन' असं आधीच ठरवून ठेवायचं. 'आज केमिस्ट्री करेन' हे नाही, तर 'शाळेचे कपडे बदलले की केमिस्ट्रीची वही टेबलावर उघडेन'. फक्त उघडायची. २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचा एकत्र हिशोब केला तेव्हा परिणाम चांगला दणदणीत निघाला. कारण सोपं आहे, ऐनवेळी ठरवण्याचं कामच उरत नाही, कपडे बदलणं हीच आठवण होते.

पण गेमवर चार तास हलत नाही की! तेव्हा कुठून येतं लक्ष?

हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो आणि तो बरोबरच आहे. फरक असा की गेममध्ये विंगेतलं सगळं काम गेम बनवणाऱ्यांनी आधीच करून ठेवलेलं असतं. आत्ता काय करायचं ते स्क्रीनवर, किती झालं त्याची पट्टी वर, चुकलं तर दोन सेकंदात कळतं, जमलं तर लगेच बक्षीस. इतिहासाच्या निबंधाला यातलं काहीही नसतं, चूक झाली की नाही ते पंधरा दिवसांनी कळतं. म्हणून गेमवर बसणं हा एक्झिक्युटिव्ह स्किल्स असल्याचा पुरावा नाही आणि अभ्यासाला न बसणं हा ती नसण्याचा पुरावा नाही.

मग मोबाईलच काढून घेतला तर?

निम्मं उत्तर बरोबर आहे. मोहाशी कुस्ती खेळण्यापेक्षा मोह समोरून हलवणं जास्त चालतं. अँजेला डकवर्थ आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हायस्कूल आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरच हे तपासलं, ज्यांना परिस्थिती बदलायला सांगितलं, म्हणजे फोन नजरेआड ठेव, जागा बदल असं, त्यांनी अभ्यासाचं ध्येय जास्त चांगलं गाठलं, 'मनावर ताबा ठेव' सांगितलेल्यांना तेवढं जमलं नाही. पण फोन हलवला कुणी हा खरा मुद्दा. आईने हिसकावून घेतला तर ती रात्र निघून गेली आणि शिकली कोण, तर आई. मुलीने स्वतः तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावला तर ते कौशल्य तिचं. सुरुवातीला हे ती आपण सांगितल्यावरच करेल, चालेल.

हे उपजतच असतं, काहींना जमतं काहींना नाही

असं म्हणणारे लोक मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेलची ती प्रसिद्ध मार्शमॅलो टेस्ट पुढे करतात, लहान मुलासमोर एक गोड खाऊ ठेवायचा आणि सांगायचं की थोडं थांबलास तर दोन मिळतील; लहानपणी जो थांबला तो पुढे यशस्वी. २०१८ मध्ये जास्त मोठ्या आणि वेगवेगळ्या थरांतल्या मुलांच्या गटावर ते पुन्हा तपासलं तेव्हा संबंध बराच कमजोर निघाला, आणि घरची परिस्थिती वगैरे हिशोबात घेतली की त्यातलाही बराचसा विरघळला. त्याआधी २०१३ च्या एका छोट्या प्रयोगात तर ज्या मुलांना समोरच्या माणसाने आधी दिलेला शब्द पाळलेला दिसला ती सरासरी १२ मिनिटं थांबली, आणि ज्यांना फसवलं गेलं होतं ती ३ मिनिटं. म्हणजे थांबून फायदा होईल याची खात्री असेल तर माणूस थांबतो. घरात 'आज पूर्ण कर, उद्या सुट्टी' म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी अभ्यास काढणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा, मी कुणाकडे बघत नाहीये. जन्मजात फरक असतात, मान्य, पण तेवढ्यावर हात झटकता येत नाहीत.

मेंदूला तल्लख करणारं ॲप घेऊ का?

नको. अशा खेळांनी त्याच खेळात आणि त्याच्यासारख्या चाचण्यांत प्रगती होते, अभ्यासात किंवा रोजच्या वागण्यात ती उतरत नाही असंच वर्किंग मेमरीच्या ट्रेनिंगवरचं मोठं एकत्रित विश्लेषण २०१६ मध्ये सांगून गेलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने लुमोसिटी या ब्रेन गेमवाल्या कंपनीशी फसव्या जाहिरातींवरून २० लाख डॉलरवर तडजोड केली. ही कौशल्यं मुलाच्या स्वतःच्या खऱ्या कामावर, त्याच्या खऱ्या प्रोजेक्टवरच बसतात.

हे एडीएचडी तर नसेल?

असू शकतं. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं कायमच अवघड जाण्याचा विकार. जगभरात मुलांमध्ये त्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास धरतात, म्हणजे दुर्मिळ नाही, पण प्रत्येक विसराळू पोराला ते नसतं. निदान करताना लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून आहेत का आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसतात का हे बघतात, आणि ते मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं काम आहे, ऑनलाइन क्विझचं नाही. याच्या उलट जर आठवीपर्यंत सगळं नीट सांभाळणारी मुलगी अचानक ढेपाळली तर आधी झोप, चिंता, नैराश्य, शाळेत कुणाचा त्रास, हे बघा. मन ठिकाणावर नसेल तर व्यवस्थापन पहिलं कोसळतं.

इतकं शेजारी बसलो तर पोरगं पांगळं होईल

ही भीती रास्त आहे, कारण आधार देणं आणि त्याच्या जागी स्वतः करणं यातली रेघ फार पुसट असते. दप्तर आपण भरलं, तारीख आपण लक्षात ठेवली, शिक्षकांना मेसेज आपण केला, तर पोरगं फक्त नट राहतं. आधार असा द्यायचा की तो काढता येईल. आधी कामांच्या यादीचं पान त्याच्यासोबत भरायचं, मग तो भरताना आपण नुसतं शेजारी बसायचं, मग आठवड्यातून एकदा दहा मिनिटं बघायचं, ते पण ठरलेल्या वेळी, भांडण पेटलेलं असताना नाही.

प्रश्न बदलले तरी खूप फरक पडतो. 'अभ्यास झाला का रे?' याचं उत्तर जगात एकच आहे, 'हो'. त्याऐवजी 'पानावर दाखव ना, या आठवड्यात कुठलं सगळ्यात आधी द्यायचंय?' असं विचारलं की त्याला पान काढावं लागतं. आणि तारीख चुकली तर 'तुला कितीदा सांगितलं' च्या ऐवजी 'कुठल्या टप्प्यावर अडकलं?', कारण समजा तो म्हणाला की ग्राफ पेपरच नव्हता, तर पुढच्या वेळी यादीत 'सामान बघणे' ही ओळ वाढते. छोट्या असाइनमेंटमध्ये आपटलं तर आपटू द्या, तिथे मार्क कमी जातात आणि कळतं जास्त. बोर्डाच्या फॉर्मची शेवटची तारीख मात्र या प्रयोगाला वापरू नका.

आधार कधी काढायचा ते पोरगं स्वतःच दाखवतं. आपण आखून दिलेलं पान त्याला आवडेनासं होतं, तो रकाने बदलतो, काहीतरी विचित्र रंगांची पद्धत काढतो, किंवा सगळं फोनच्या कॅलेंडरमध्ये नेतो जे आपल्याला अजिबात कळत नाही. कामं वेळेत जातायत ना? मग तिथून उठा. सुट्टीनंतर किंवा नवीन वर्ग सुरू झाला की बरंचसं विस्कटतं, तेव्हा पहिले दोन आठवडे परत शेजारी बसावं लागेल, त्यात आधीचं वाया गेलं असं काही नसतं, यावेळी लवकर उठता येतं.